किडनी प्रत्यारोपणाचा खर्च प्रत्येकाला वेगळा का सांगतात?

तुमचा प्रश्न असा, की शेजारच्या बेडवरच्या रुग्णाला सांगितलेला खर्च वडिलांना सांगितलेल्या खर्चाच्या जवळजवळ दुप्पट आहे. रुग्णालय तेच, डॉक्टर तेच, मग आपल्याला कोणी फसवतंय का? तुमच्या बाबतीत काय झालंय ते मला इथून कळणार नाही. पण कोणीही फसवत नसताना एवढा फरक पडू शकतो, हे नक्की. मी डॉक्टर नाही. बायकोचं प्रत्यारोपण झालं तेव्हा प्रत्येक बिल एका वहीत लिहून ठेवत होतो, त्या वहीच्या जोरावर लिहितोय.

ऑपरेशन थिएटरमधला खर्च एका रुग्णालयात सगळ्यांना साधारण सारखाच येतो. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवतात, जुन्या दोन्ही बहुतेक वेळा जागच्या जागीच राहतात. (गाडीचा पार्ट बदलावा तशी जुनी काढून नवी लावतात, अशी माझी बरेच दिवस समजूत होती.) गाठींनी फुगलेली जुनी किडनी काढावीच लागली, तर तो खर्च वेगळा. दात्याची किडनी दुर्बिणीने काढणार की रोबोटने, त्यावरही आकडा हलतो. पण दुपटीचा फरक इथे पडत नाही, तो रक्तात पडतो.

आमचंच सांगतो. बायकोला किडनी मी देणार होतो. रक्तगट जुळला, माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, किडनीच्या रक्तवाहिन्या बघायला सीटी अँजिओग्राफीसुद्धा झाली. शेवटी क्रॉसमॅचचा, म्हणजे दात्याच्या पेशींवर रुग्णाचं रक्त हल्ला करतं का ते बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट आला, 'पॉझिटिव्ह'. मला क्षणभर आनंद झाला! मग कळलं की इथे पॉझिटिव्ह म्हणजे नकार. आम्हाला दोन मुलं आहेत. गरोदरपणात बाळामधल्या वडिलांकडून आलेल्या अंशाची आईच्या शरीराला ओळख होते आणि कधीकधी त्याविरुद्ध अँटीबॉडी (परक्यावर हल्ला करणारी रक्तातली प्रथिनं) तयार होऊन बसतात. म्हणजे माझ्याच किडनीवर तुटून पडायची तयारी तिच्या रक्तात आधीपासून होती. शेवटी सासूबाईंनी किडनी दिली. माझ्या तपासण्यांचा पैसा गेला तो गेलाच. क्रॉसमॅच आधी करून महागाच्या तपासण्या नंतर केल्या असत्या, तर तो वाचला असता. तुमच्याकडे दाता ठरायचा असेल तर हा क्रम डॉक्टरांना जरूर विचारा.

या अँटीबॉडी रक्त चढवल्यानेही तयार होतात. डायलिसिसच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन घसरतं, त्यासाठीची इंजेक्शनं महाग वाटतात, मग घरचे म्हणतात की त्यापेक्षा रक्ताची एक बाटली लावून टाका. रक्त द्यायचीच वेळ आली तर द्यावंच लागतं, पण निव्वळ पैसे वाचवायला हा मार्ग धरला, तर वाचवलेले पैसे पुढे कित्येक पटींनी भरावे लागू शकतात. कारण अँटीबॉडी असताना प्रत्यारोपण करायचं, तर आधी प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदलून त्या काढाव्या लागतात, सोबत इंजेक्शनं द्यावी लागतात. रक्तगट न जुळणारा दाता असेल तरी तेच. प्लाझ्मा किती वेळा बदलावा लागेल हे अँटीबॉडीच्या प्रमाणावर ठरतं, त्यामुळे डॉक्टरही पक्का आकडा देत नाहीत, अंदाज देतात. दुसऱ्या एखाद्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करता आली, तर हा सगळा भाग टळू शकतो.

1954 साली बोस्टनमध्ये पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं, ते एकाच गर्भापासून झालेल्या हुबेहूब जुळ्या भावांमध्ये. शरीराला किडनी परकी वाटलीच नाही, रिजेक्शन (शरीराने नवी किडनी नाकारणं) रोखायची औषधं लागली नाहीत. बाकीच्यांच्या बिलातला मोठा भाग म्हणजे या परकेपणाची किंमत. रिजेक्शन रोखायला ऑपरेशनच्या वेळी द्यायचं इंजेक्शनच बघा, त्याला इंडक्शन म्हणतात. धोका कमी असेल तर बॅसिलिक्सिमॅबचे दोन डोस पुरतात. धोका जास्त असेल तर एटीजी नावाचं जास्त जोरदार इंजेक्शन देतात, आणि त्याचा डोस वजनावर ठरतो, म्हणजे जाड माणसाचं बिल आणखी जाड.

मेंदू मृत झालेल्या दात्याची किडनी मिळाली, तर घरच्या दात्याचं ऑपरेशन नसतं, पण स्वस्तातच होईल असं धरून चालू नका. अवयव काढणं, जपणं, आणणं याचा खर्च असतो. शिवाय अशी किडनी बर्फात काही तास राहिलेली असते, ती कधीकधी लगेच कामाला लागत नाही. मग नवी किडनी बसूनही काही दिवस डायलिसिस चालू, मुक्काम लांबलेला, वर एखादी बायोप्सी.

घरी आल्यानंतरचा खर्च आमच्या वहीत सर्वांत जास्त पानं खाऊन बसलाय. टॅक्रोलिमस आणि मायकोफिनोलेट ही रिजेक्शन रोखणारी औषधं किडनी चालते आहे तोवर घ्यायची, स्टिरॉइड बहुतेकांना. सुरुवातीला टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल वरचेवर तपासतात. सीएमव्ही नावाचा विषाणू दात्याला होऊन गेलेला आणि रुग्णाला नाही, अशी जोडी असेल तर त्याचं प्रतिबंधक औषध साधारण सहा महिने चालतं, एरवी तीनेक महिन्यांत थांबतं. ते औषध स्वस्त नाही. पहिलं वर्ष म्हणूनच जड जातं, पुढे डोस आणि तपासण्या कमी होतात. टॅक्रोलिमसची कंपनी मात्र स्वस्त मिळते म्हणून आपल्या मनाने बदलू नका, लेव्हल हलली तर किडनीच धोक्यात येते.

तेव्हा वडिलांच्या पॅकेजचा कागद घेऊन प्रत्यारोपण समन्वयकाकडे बसा. दात्याच्या तपासण्या आणि मुक्काम त्यात धरलाय का, इंडक्शनचं इंजेक्शन कोणतं धरलंय, किती दिवसांचा मुक्काम, रिजेक्शन झालं किंवा डायलिसिस लागलं तर कोणत्या दराने, हे एकेक करून विचारा आणि लिहून घ्या. विमा असेल तर दात्याचा खर्च आणि घरी घ्यायची औषधं त्यात बसतात का, हे भरती होण्याआधी लेखी मागा. शेजारच्यांच्या कागदावर यातलं काय आहे तेही बघता आलं तर बघा. बहुधा त्यांना एटीजी किंवा प्लाझ्मा धरलेला असेल, नाहीतर तुमच्या कागदातून काहीतरी वगळलेलं असेल. दुसरं असेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं.