वर्गातल्या खोक्यात गांडुळे का टिकत नाहीत?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. पोषण आहाराच्या स्वयंपाकातून निघणाऱ्या भाज्यांच्या सालींचे खत मुलांना करता यावे, म्हणून आम्ही प्लास्टिकच्या खोक्यात माती भरून शेजारच्या शेतातली गांडुळे सोडली. परंतु काही मेली आणि उरलेली कडेने वर चढू लागली. असे का झाले? तसेच गांडूळ तोडल्यास त्याची दोन होतात, असे मुले म्हणतात. ते खरे आहे का?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : शेत खणताना सापडणारी गांडुळे बहुधा मातीत खोल बिळे करून राहणारी असतात आणि ती खोक्यात रमत नाहीत. खतासाठी कुजणाऱ्या पाल्यात व शेणात वाढणारी, आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनी यांसारखी जात लागते. गांडूळखत करणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याकडे ती मिळेल.

दुसरे कारण ओलाव्याचे असावे. गांडुळाला फुप्फुसे नसतात, ते ओलसर त्वचेतून श्वास घेते. त्यामुळे कोरडेपणा त्याला जितका घातक, तितकेच हवा कोंडणारे साचलेले पाणीही. खोक्याच्या तळाला भोके पाडा, खाली नारळाच्या शेंड्या आणि त्यावर सुका पाला व जुने, थंड झालेले शेण पसरा. ताजे शेण कुजताना तापते, ते घालू नका. अंथरलेला थर मुठीत दाबल्यावर पाण्याचे एखाद-दुसरे थेंब यावेत, एवढीच ओल पुरे. साली घाला, मात्र तेल-मीठ असलेले उष्टे अन्न आणि लिंबाच्या साली टाळा.

गांडुळाला दात नसतात. जिवाणू व बुरशी यांनी मऊ केलेला पदार्थ ते गिळते आणि पोटातल्या स्नायुमय पेषणीत मातीच्या कणांसह दळते. या दळण्याने किती फरक पडतो ते दिसावे म्हणून शेजारी गांडुळे नसलेले दुसरे खोके ठेवून दोन्हींत सारख्याच साली घालाव्यात, आणि कोणती साल कुठे आधी नाहीशी होते याची नोंद मुलांनी स्वतः ठेवावी, असे मला मनापासून वाटते. खत किती निघाले यापेक्षा ही वही अधिक मोलाची आहे. चार्ल्स डार्विन यांनीही कुंड्यांत गांडुळे पाळली होती. पियानोच्या आवाजाकडे ती दुर्लक्ष करीत. पण कुंडी पियानोवरच ठेवून स्वर वाजवला, की तत्काळ बिळात शिरत. गांडुळाला कान नसतात, कंप मात्र जाणवतो, हे आपली मुले बाकावर हलकेच टकटक करून तपासू शकतील.

तोडल्याने दोन गांडुळे होत नाहीत. काही जातींत डोक्याकडच्या भागाला शेपूट पुन्हा फुटते, पण शेपटीकडचा तुकडा सहसा मरतो. हा प्रयोग मुलांना करू देऊ नये. गांडूळ हाताळण्यापूर्वी हात साध्या पाण्याने ओले करावेत आणि नंतर साबणाने धुवावेत.

खोके पावसाळ्यात सुरू करावे. मे महिन्यात शाळा बंद असताना कोरड्या उन्हाळ्यात गांडुळे मरू नयेत, म्हणून सुट्टीपूर्वीच ती शेणासह गोणपाटात गुंडाळून एखाद्या पालकाच्या गोठ्याजवळ सावलीत ठेवण्यास द्यावीत.