बिग बेनमधला बेन कोण?

आधी एक, ते "बिग बेन टॉवर" म्हणणं बंद करा राव. ट्रॅव्हलवाले म्हणतात, व्हिडिओवाले म्हणतात, ऐकून ऐकून कान किटले. बिग बेन ही लंडनच्या पार्लमेंटच्या घड्याळाच्या टॉवरमधली आतली घंटा आहे, १३.७ टनांची, १८५८ मधे लंडनलाच व्हाइटचॅपलला ओतलेली (तिच्या आधीची तडकली, मग १८५९ मधे हीपण तडकली, तीच जरा फिरवून आणि हातोडा हलका करून अजून वाजवतायत). टॉवर २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर, त्याआधी नुसता क्लॉक टॉवर.

तुम्ही विचारलंय हा बेन कोण. बांधकाम खात्याचे तेव्हाचे प्रमुख सर बेंजामिन हॉल किंवा बेंजामिन काँट नावाचा हेवीवेट बॉक्सर. गाइड लोकांना बॉक्सर आवडतो कारण गोष्ट रंगते, मला हॉल पटतो, काम त्याच्याच खात्याचं होतं. आणि स्कॉटलंडच्या बेन नेव्हिसशी जोडणाऱ्यांना तर हात जोडतो, तो बेन गेलिक, म्हणजे डोंगर, इथे काय संबंध?

पण हॉल घ्या नाहीतर काँट, दोघं बेंजामिनच ना, आणि खरी गंमत त्या नावात आहे. हिब्रूत बेन म्हणजे मुलगा आणि यामिन म्हणजे उजवा हात. कोशवाले "उजव्या हाताचा, भाग्यवान पुत्र" लिहून मोकळे होतात, इतकी घाई कशाला? यामिनचा दुसरा अर्थ दक्षिण! पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे दक्षिण, अरबीत यमन म्हणजे येमेन देश उजवीकडचा आणि शाम म्हणजे सीरिया डावीकडचा. आता आपल्याकडे बघा, पूर्व म्हणजे पुढचं, पश्चिम म्हणजे मागचं, आणि दक्षिण म्हणजे मुळात उजवं, म्हणून तर देवाला उजवीकडे ठेवून घालतो ती प्रदक्षिणा. हिब्रू-अरबीचं आपल्या संस्कृतशी काही नातं नाही तरी डोकं सेम चाललंय! बायबलमधला बेंजामिन म्हणजे याकोबाचा मुलगा. याकोबाची बाकी सगळी मुलं उत्तरेकडे पद्दन-अरामला झाली आणि हा एकटा खाली कनानात (आजचा इस्रायल-पॅलेस्टाइनचा भाग), म्हणून "दक्षिणेचा पोरगा" हाच अर्थ मला जास्त बसतो, कोशवाले काही म्हणोत. म्हणजे आपल्या भाषेत अस्सल दख्खनी.

शिवाय हा भावंडांत सगळ्यात धाकटा, फ्रेंचमधे आजही घरातल्या शेंडेफळाला बेंजामिन म्हणतात, आणि इंग्रजांनी त्याच्यापुढे बिग लावलं.