रणगाड्याचे पितळी पार्ट: ग्लू की डाख?

तुम्ही विचारलंय की १/३५ च्या, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या, प्लास्टिक रणगाड्याच्या मॉडेलवर फोटो-एचचे (पातळ पत्र्यातून रसायनाने कोरून काढलेले) पितळी पार्ट सुपरग्लूने टिकत नाहीत, जरा हात लागला की निघतात, तर सोल्डरिंग शिकायच्या भानगडीत पडावं का, आणि घडी घालायचं ते महागडं टूल घ्यावं का.

सोल्डरिंग शिका. पितळाला पितळ जोडायचं असेल तर डाखच, म्हणजे सोल्डरच लावायचा, ग्लू नाही. ग्लू फक्त जिथे पितळ प्लास्टिकला टेकतं तिथे, कारण तिथे इलाज नाही. हे मी एवढं ठासून सांगतोय कारण याच गोष्टीवरून माझं एका जवळच्या मित्राशी वाजलंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

माझे वडील, अप्पा, चांदीचे कारागीर. दुकान नाही, सराफांकडनं काम आणायचं आणि घरीच पाटावर बसून करायचं, पैंजण, जोडवी, करंडे, देवाचे टाक. पातळ पत्र्याशी त्यांचं आयुष्य गेलंय. मी पुणे हॉर्सचा सेंच्युरियन रणगाडा करायला घेतला होता, १९७१ च्या बसंतरच्या लढाईतला, ज्या रेजिमेंटच्या अरुण खेत्रपालांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं ती रेजिमेंट, आणि त्याच्यासाठी पैसे साठवून पितळी सेट मागवला होता. फेंडरवरच्या, म्हणजे रणगाड्याच्या मडगार्डवरच्या, सामानाच्या पेट्या घडी घालून झाल्या आणि मी कोपऱ्यांना ग्लू लावत बसलो होतो तर अप्पा मागनं येऊन म्हणाले, "काय करायलास रे हे? पितळाला डिंक?" आणि चष्मा पुसून शेजारी बसले ते उठलेच नाहीत.

मला वाटलं आता फुंकणी काढतील. पण त्यांनी पत्रा बोटांत धरला, जरासा वाकवून बघितला आणि म्हणाले चांदीचा डाख इथे चालायचा नाही. तो वितळतो सातशे डिग्रीच्या आसपास, तोवर एवढा बारीक पत्रा मऊ पडून वेडावाकडा होईल, आणि टाकणखार (डाख नीट पसरावा म्हणून लावतात ते फ्लक्स) पण उपयोगाचा नाही कारण तो सुद्धा तेवढ्या उष्णतेलाच पातळ होऊन पसरतो. कमी उष्णतेचं काहीतरी बघ म्हणाले. मग मी इथे सोलापुरात नव्या पेठेत मोबाईल रिपेअरवाल्यांना लागणारं सामान मिळतं तिथनं सोल्डर पेस्टच्या (डाख आणि फ्लक्स एकत्र असलेल्या लगद्याच्या) दोन सिरिंज आणल्या, एक १८३ डिग्रीला वितळणारी कथिल-शिशाची आणि एक १३८ ला वितळणारी कथिल-बिस्मथची. माझ्या मते या कामात यापेक्षा उपयोगी खरेदी दुसरी नाही, कारण पेटीचे कोपरे १८३ वाल्याने जोडायचे आणि नंतर त्याच पेटीवर बिजागरी, कडी, खिटी काय लावायचं ते १३८ वाल्याने, म्हणजे दुसरा जोड देताना पहिला सुटत नाही. सुटायची भीती हीच लोकांना सोल्डरिंगपासून लांब ठेवते. तरी धास्ती वाटत असेल तर आधीच्या जोडावर ओल्या टिश्यूची पट्टी ठेवा.

जोड देताना काय होतं ते नीट बघायला शिका, सगळी मेख तिथे आहे. पत्रा आधी घासून लख्ख करायचा, आमच्याकडे पितांबरी लावून जुन्या ब्रशने, मग धुवून कोरडा, आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. कोपऱ्याच्या आतल्या बाजूला खसखशीएवढी पेस्ट, त्याहून जास्त नाही. खाली कोळशाचा ठोकळा नाहीतर लाकूड, फरशी किंवा काच नको, ती सगळी उष्णता ओढून घेते आणि तुम्ही सोल्डरिंग आयर्न दाबत बसता. बिट, म्हणजे आयर्नचं टोक, पेस्टला लावायचंच नाही, पत्र्याला बाहेरून लावायचं. आधी काहीच होत नाही, मग राखाडी पेस्ट सुकल्यासारखी दिसते, कडेने तेलकट पाणी सुटतं, बारीक धूर येतो, आणि मग एकदम ती चांदीसारखी चकाकून कोपऱ्याच्या रेषेतनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पळते. पळाली की आयर्न उचला. अप्पांनी मला एवढं एकच वाक्य शिकवलं, की डाख उष्णतेच्या मागे जातो, जिकडे न्यायचाय तिकडनं तापव. मी बिट दुसऱ्या टोकाला धरलं आणि सोल्डर खरंच भेगेतनं ओढल्यासारखं तिकडे गेलं, बाहेर एक थेंब दिसेना. चौकोनी पेटी, चारी कोपरे बंद, धारा सरळ. अप्पांनी ती खिडकीशी धरून आतनं उजेड येतोय का बघितलं आणि काही न बोलता परत माझ्या हातात दिली. त्यांच्याकडनं हे लई मोठं कौतुक असतंय.

आता मित्र. तो पुण्याला असतो, कॉलेजपासूनचा, माझ्यापेक्षा रंगकाम चांगलं करतो हे मी आधीच सांगतो. मे महिन्यात तो हुतात्मा एक्सप्रेसने रात्री सोलापूरला आला, सोबत खोक्यात त्याचा पँझर फोर, म्हणजे जर्मन रणगाडा, बाजूचे पितळी पडदे (कडेला टांगलेले संरक्षक पत्रे) लावलेला. सकाळी खोकं उघडलं तर तीन पडदे तळाशी पडलेले. तो म्हणाला प्रवासात होतंच असं, आणि बसल्या बसल्या परत ग्लूने चिकटवले. तेवढ्यात माझा सेंच्युरियन दिसला, अजून रंग न दिलेला, पिवळाधमक, आणि त्याने उचलून बघितला आणि म्हणाला, "एवढं कशाला बे? रंगाखाली काय दिसणारे? रणगाडा आहे हा, दागिना नाही." अप्पा समोरच पाटावर जोडव्याला पॉलिश करत होते. ते काही बोलले नाहीत. मला मात्र ते लागलं, आणि अजून लागतंय, कारण ज्या माणसाने ते शिकवलं त्याच्या तोंडावर ते काम फालतू म्हणून सांगितलं गेलं.

बरं, त्याचे पडदे का पडले ते पण सांगतो. प्रवासात हादरे बसले असतील, पण नुसत्या हादऱ्याने सगळेच निघाले असते. प्लास्टिक तापलं की पितळेपेक्षा साधारण तीन-चार पट जास्त फुगतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर आणि पहाटे बराच खाली, म्हणजे दीडेकशे मिलिमीटर लांबीच्या पट्टीत प्लास्टिक आणि पितळ यांच्यात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची ओढाताण रोज होते. मिलिमीटरचा दहावा हिस्सा ऐकायला काही नाही, पण साधा सुपरग्लू वाळला की काचेसारखा कडक, त्याला ती ओढ सोसत नाही, तडकतो. म्हणून लांब फेंडर किंवा पडदा प्लास्टिकला लावताना सबंध कडेला ग्लू ओतायचा नाही. चार ठिकाणी टिपके द्यायचे, आणि ते पण रबर मिसळलेल्या काळ्या सुपरग्लूचे, तो जरा लवचिक राहतो. शिवाय असे सुटे पडदे लावायचेच असतील तर आधी त्यांचे कंस (अडकवायचे ब्रॅकेट) पितळी रेलला, म्हणजे ते टांगायच्या पट्टीला, डाखाने जोडा आणि मग पूर्ण रेल प्लास्टिकला. त्याने सुटे सुटे पडदे थेट प्लास्टिकच्या कंसांवर टेकवले होते, तिथेच गडबड.

आणि रंगाखाली काय दिसतं म्हणाल तर सगळं दिसतं. जर्मन पँझरचे बाजूचे पडदे खऱ्यात ५ मिमी जाडीचे, ३५ ने भागा, ०.१४ मिमी. एडुआर्ड, आबेर, व्हॉयेजर, कुठल्याही कंपनीचा सेट घ्या, पत्रा साधारण ०.१ ते ०.२ मिमी असतो, म्हणजे बरोबर. प्लास्टिकचा पार्ट एक मिलिमीटर जाड असला तर तो खऱ्यात ३५ मिमी झाला, एवढा जाड फेंडर कुठल्या रणगाड्याला असतोय? पण जाडीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पोचे. खऱ्या रणगाड्याचा पत्रा कधीच सरळ नसतो. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला एकदा जाऊन या, तुम्ही मॉडेल करत असाल तर जायलाच पाहिजे, आणि तोफा-बिफा सोडून नुसते फेंडर, पेट्या, पत्रे बघत फिरा.

मी सेंच्युरियनचा पुढचा उजवा फेंडर सोल्डर करून पूर्ण झाल्यावर मुद्दाम पोचा पाडला होता. कोपरा मऊ करायला मेणबत्तीवर धरला नाही, तसाच पक्कडीने थोडा आत घेतला आणि कड लाकडी काडीने खाली दाबली. आमच्या गल्लीत एक दफेदार काका आहेत, आर्मर्ड कोरमधनं रिटायर झालेले, मित्र आला त्याच दिवशी दुपारी ते अप्पांकडे नातीच्या पैंजणासाठी आले. मॉडेल टेबलावर होतं. त्यांनी आधी तोफेकडे बघितलंच नाही, थेट त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. म्हणाले, "झाडाला घासलाय. ड्रायव्हर नवीन असला की हाच कोपरा जायचा, आणि मग इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री आम्ही हातोडा घेऊन बसायचो." आणि मग बराच वेळ ते अप्पांना सांगत बसले की पेट्यांची झाकणं कशी वाकायची, कुठली खिटी हमखास तुटायची, रेतीत काय व्हायचं. पैंजणाचं राहूनच गेलं. अप्पांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला विचारलं की हा रणगाडा नक्की कुठल्या लढाईतला.

मित्र तिथेच होता. सगळं ऐकून म्हणाला, "हे ग्लूनंही झालं असतं की."

नाही झालं असतं. हेच मला लिहायचं होतं. ग्लूने जोडलेली पेटी किंवा फेंडर तुम्ही जोडून झाल्यावर वाकवूच शकत नाही, पत्रा वाकायच्या आधी जोड टक्कन सुटतो, मग तुम्ही परत ग्लू लावता, तो बाहेर येतो, वाळून त्याचा पांढुरका थर बसतो आणि तो खरवडताना बाजूची खिटी जाते. आधी वाकवून मग जोडायला गेलात तर कोपरे जुळत नाहीत. डाख लावलेला जोड पत्र्याबरोबर वाकतो. खऱ्या रणगाड्यावर पण पत्रा वेल्डिंगने जोडलेला असतो आणि मार खाऊन एकत्र वाकतो, तसाच इथे. त्यामुळे हा प्रश्न हौसेचा किंवा मिरवायचा नाहीच, ग्लूवाला पार्ट जसा चिकटवला तसाच राहतो आणि डाखवाल्या पार्टला पुढे वापरलेलं रूप देता येतं. मित्र हे वाचत असेल तर त्याने कुठलाही ग्लूने जोडलेला फेंडर घ्यावा आणि पक्कडीने कोपरा आत घेऊन दाखवावा.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या सांगतो. १३८ वाला बिस्मथचा जोड ठिसूळ असतो, वाकवायच्या जागी तो नको, तिथे १८३ वालाच. शिशाची पेस्ट हाताळल्यावर हात साबणाने धुवा, काम करताना खायचं नाही, खिडकी उघडी ठेवा, घरात लहान मूल असेल तर बिनशिशाची घ्या, ती २१७-२२० ला वितळते, काम थोडं अवघड जातं पण होतं. डबे-पत्रेवाले वापरतात ते जस्त टाकून मारलेलं ॲसिड फ्लक्स म्हणून जोरात चालतं, पण नीट धुतलं नाही तर काही महिन्यांनी रंगाखालनं हिरवं बाहेर येतं. सोल्डरिंग सगळं मॉडेलपासून लांब करायचं, प्लास्टिकला चिकटवलेल्या पितळेवर आयर्न टेकवायचं नाही. बोटाला ग्लू चिकटला तर ॲसिटोनने निघतो, पण तेच ॲसिटोन प्लास्टिकवर सांडलं तर रणगाडा वितळायला लागेल. आणि पहिलंच मॉडेल असेल तर पूर्ण पितळी सेट घेऊ नका, फेंडर आणि इंजिनवरच्या जाळ्या एवढंच लावा.

सेटमधल्या कड्या-हँडल मात्र लावूच नका. ते चपटे असतात, खरं हँडल गोल सळईचं असतं. मोटर वाइंडिंगवाल्याकडनं ०.३ मिमीची तांब्याची तार घ्या, वरचं इनॅमल ब्लेडने खरवडा आणि त्याचे हँडल करा, खऱ्यात दहा-साडेदहा मिमीची सळई होते, अगदी बरोबर. आणि पार्ट चिमट्यातनं उडाला तर पंखा बंद, लाइट बंद, मोबाईलचा टॉर्च शहाबादी फरशीवर आडवा धरून फिरवा, काळ्या दगडावर पितळ लगेच चमकतं. हलत्या पंख्याखाली झाडू मारत बसलात तर गेला.

घडीच्या टूलचं राहिलं. पेट्यांसाठी नको. स्टीलच्या पट्टीने पत्रा टेबलाच्या काचेवर दाबून धरायचा, खालनं पूर्ण लांबीचं ब्लेड घालून एकदम उचलायचं, कोरलेली रेघ आतल्या बाजूला. लांब फेंडरला आणि पडद्यांना पट्टीने मधे फुगवटा येतो, तिथे टूल खरंच कामाला येतं, पण त्यासाठी विकत घ्यायची गरज नाही, ओळखीत कुणाकडे असेल तर दोन दिवस मागून आणा. माझ्या मित्राकडे आहे आणि तो देतो.