तिकीट स्वस्त, ट्रिप महाग: वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न सुट्टीच्या बुकिंगचे आणि त्यात पैसे कसे वाचवायचे याचेच निघाले, म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, विमानाचं तिकीट दुपारी बघितलं, संध्याकाळी यांना दाखवायला परत उघडलं तर भाव वाढलेला! मैत्रीण म्हणते साईट आपल्यावर लक्ष ठेवते, इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोत, बघत जा आणि मंगळवारी रात्रीच बुक कर. खरंय का हे?

उत्तर: इनकॉग्निटोमध्ये बघा की, त्याने बिघडत काही नाही. पण भाव वाढतो तो बहुतेक वेळा तुम्ही बघितलंत म्हणून नाही, मधल्या वेळात दुसऱ्या कोणी तिकीट काढलं म्हणून. एअरलाइन इकॉनॉमीच्या सगळ्या सीट एका भावाने विकतच नाही, त्यांचे फेअर क्लास पाडलेले असतात, सगळ्यात स्वस्त क्लासमध्ये थोड्याच सीट, त्या संपल्या की पुढचा महाग भाव दिसायला लागतो, म्हणून तर शेजारी शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असतात. आणि हे काही इंटरनेटने आणलेलं नाही हं, अमेरिकन एअरलाइन्सने 1977 मध्येच सुपर सेव्हर तिकिटं काढली होती, बरंच आधी बुक करणाऱ्याला स्वस्त आणि ऐनवेळी कामासाठी पळणाऱ्याला महाग, पुढच्याच वर्षी अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवणारा कायदा आला आणि मग हा प्रकार सगळीकडेच जोरात सुरू झाला.

यातला तुमच्या कामाचा भाग असा. चौघांचं तिकीट एकदम शोधलंत आणि स्वस्त क्लासमध्ये दोनच सीट उरल्या असतील तर बऱ्याच साईट चौघांनाही पुढचा महाग भाव लावतात. म्हणून आधी एकाच प्रवाशाचा भाव बघा, मग दोघांचा, मग चौघांचा. मधे कुठेतरी उडी दिसली तर दोन बुकिंग करून पैसे वाचतात. फक्त मुलं एका बुकिंगवर आणि आईवडील दुसऱ्या असं करू नका, फ्लाइट रद्द झाली तर सिस्टीमला तुम्ही एकत्र आहात हे कळत नाही आणि तुम्हाला वेगवेगळ्या विमानांत टाकलं जाऊ शकतं.

मंगळवारचं म्हणाल तर तिकीट कुठल्या वारी काढता यापेक्षा कुठल्या वारी उडता याने जास्त फरक पडतो. तारखा दोन दिवस मागेपुढे करायची तयारी असेल तर गूगल फ्लाइट्सवर अख्ख्या महिन्याचं कॅलेंडर उघडा, तिथे फरक लगेच डोळ्यात भरतो, आणि रोज भाव बघत बसण्यापेक्षा अलर्ट लावून ठेवा. अमेरिकेला जाणारं, तिथून निघणारं किंवा तिथल्या तिथे उडणारं तिकीट असेल तर अजून एक सोय आहे: निघायला किमान 7 दिवस असतील आणि थेट एअरलाइनकडून घेतलं असेल तर 24 तासांच्या आत कॅन्सल केल्यावर पूर्ण पैसे परत, नाहीतर पैसे न घेता 24 तास तो भाव धरून ठेवायचा, यातलं एक त्यांना द्यावंच लागतं. म्हणजे यांना दाखवायला संध्याकाळपर्यंत थांबायची गरज नाही, आधी घ्या, मग दाखवा.

प्रश्न: मी हॉटेल घेताना चार-पाच साईटवर भाव बघते पण सगळीकडे जवळपास सारखेच असतात. मग कम्पेअर करून उपयोग काय?

उत्तर: कारण तुम्ही कदाचित एकाच घरातल्या भावंडांना विचारताय. बुकिंग डॉट कॉम, अगोडा, प्राइसलाइन आणि कयाक हे सगळं एकाच कंपनीचं, बुकिंग होल्डिंग्जचं. एक्सपीडिया, हॉटेल्स डॉट कॉम आणि व्हर्बो हे दुसऱ्या एकाच ग्रुपचं. म्हणून दोन्ही घरांतली एकेक साईट बघितली तरी पुष्कळ झालं, आणि तिसरं म्हणजे हॉटेलची स्वतःची वेबसाईट किंवा फोन, जे लोक नेमकं करत नाहीत. साईटवरून आलेल्या प्रत्येक बुकिंगवर हॉटेलला कमिशन द्यावं लागतं, ते वाचणार असेल तर छोटं हॉटेल बऱ्याचदा काहीतरी सोडायला तयार होतं. पूर्वी साईटपेक्षा स्वस्त देऊ नका अशी अट हॉटेलांवर असायची, बुकिंग डॉट कॉमने ती युरोपात 2024 मध्ये काढली. भाव कमी करत नसतील तर ब्रेकफास्ट, पार्किंग किंवा उशिरा चेक-आउट मागून बघा, ते द्यायला त्यांना सोपं जातं.

भाव बघताना एका रात्रीचा आकडा बघूच नका, शेवटच्या पानावरचा एकूण आकडा बघा. रिसॉर्ट फी, क्लीनिंग फी आणि शहराचा टुरिस्ट टॅक्स हे कधीकधी अगदी शेवटी किंवा थेट काउंटरवर निघतात. ॲमस्टरडॅममध्ये तर 2024 पासून हा टॅक्स राहण्याच्या भाड्याच्या 12.5 टक्के आहे, म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखा नाही. अपार्टमेंटची क्लीनिंग फी तर सहसा दोन रात्रींना जेवढी तेवढीच दहा रात्रींना, त्यामुळे थोड्या दिवसांसाठी अपार्टमेंट स्वस्त दिसलं तरी आधी बेरीज करा.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट, फ्री कॅन्सलेशन. तारखा ठरल्या की असं बुकिंग करून मोकळं व्हा, मग अधूनमधून तेच हॉटेल परत शोधत राहा, भाव उतरला की आधी नवीन बुक करा आणि मगच जुनं कॅन्सल करा, उलटं करू नका. नॉन-रिफंडेबल थोडं स्वस्त असतं पण महिने बाकी असताना ते घेणं मला पटत नाही. कॅन्सल करायची शेवटची वेळ सहसा हॉटेल जिथे आहे तिथल्या घड्याळाने धरतात, तेवढं बघून ठेवा.

प्रश्न: परदेशात कार्ड स्वाइप करताना मशीन विचारतं, तुमच्या देशाच्या चलनात पैसे घेऊ का तिथल्या? मी नेहमी आपल्या चलनात देतो, हिशोब कळतो म्हणून.

उत्तर: हिशोब कळतो पण महाग पडतो. तो रेट तुमच्या बँकेचा नसतो, दुकानदार आणि मशीनवाली कंपनी यांनी आपलं मार्जिन लावून काढलेला असतो. तिथलंच चलन निवडा. बुकिंग साईटवर पेमेंट करतानाही हेच. तुमची बँक परदेशी व्यवहारावर किती मार्कअप, म्हणजे वरचे पैसे, लावते ते मात्र निघायच्या आधी बघा, कार्डाकार्डात बराच फरक असतो.

प्रश्न: मुलगा म्हणतो, आपल्याला जायचंय त्या शहराच्या थेट तिकिटापेक्षा तिथे थांबून पुढे जाणारं तिकीट स्वस्त आहे, ते काढू आणि मधेच उतरू. मला भीती वाटते.

उत्तर: भीती बरोबर आहे, आणि मुलाचं निरीक्षणही बरोबर आहे. याला हिडन सिटी म्हणतात, अशी तिकिटं शोधून देणाऱ्या स्किपलॅग्ड साईटच्या संस्थापकाला युनायटेड एअरलाइन्स आणि ऑर्बिट्झ या बुकिंग साईटने 2014 मध्ये कोर्टात खेचलं होतं. अडचण अशी की चेक-इन बॅग थेट शेवटच्या शहरात जाते, आणि एक टप्पा सोडला की एअरलाइन पुढचं सगळं तिकीट रद्द करते, परतीचंही. फॅमिली ट्रिपला हे करू नका. त्यापेक्षा साईटवर मल्टी-सिटी निवडून एका शहरात उतरा आणि दुसऱ्यातून परत निघा, फिरून पहिल्या शहरात यायचा खर्च आणि एक दिवस दोन्ही वाचतात.

प्रश्न: लो-कॉस्ट एअरलाइनचं तिकीट अर्ध्या किमतीत दिसतंय, घेऊ का?

उत्तर: आधी बघा विमान उतरतं कुठे. पॅरिस बोव्हे नावाचा विमानतळ पॅरिसपासून साधारण 85 किलोमीटर लांब आहे, फ्रँकफर्ट हान तर फ्रँकफर्टपासून 120 च्या आसपास. रात्री उशिरा पोचत असाल तर तिथून शहरात जायला बस मिळणार का ते आत्ताच तपासा. मग बॅग, ती तिकिटाबरोबरच ऑनलाइन घ्या, विमानतळावर घेतली तर जवळपास नेहमीच जास्त पैसे पडतात. सीट निवडायचे पैसे आणि शहरात जायचं भाडं धरून जो आकडा येईल तो मोठ्या एअरलाइनच्या तिकिटाशेजारी लिहा. तरीही स्वस्त असेल तर घ्या, बिनधास्त.