हजार रोपं आणि एक माळ

प्रश्न : आमचं गाव दौंड तालुक्यात आहे. गावालगत मोठा मोकळा माळ आहे, तिथं चिंकारा आणि खोकड दिसतात. वन्यप्राण्यांसाठी तरुण मंडळानं यंदा श्रमदानातून हजार रोपं लावायचं आणि सिमेंटचा पाणवठा बांधायचं ठरवलंय. कोणती झाडं लावावीत?
– एक वाचक

उत्तर : माळावर? कोणतीच नकोत. पोरांचा हुरूप मला मोडायचा नाही, पण कुदळी उचलण्याआधी त्यांना एखाद्या सकाळी माळावर नुसतं बसवा. माळटिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ठिपक्याठिपक्यांची ती अंडी खड्यांमध्ये अशी लपतात की पायाखाली येईस्तोवर कळत नाही. चंडोलाचं घरटंही जमिनीवरच, गवताच्या बुडाशी. चिंकाऱ्याला धोका लांबून दिसला तरच तो पळून वाचतो. यांना मोकळं रान हवं, झाडोरा नको. तुमच्या जवळच सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं. मंडळाला एकदा तिथं घेऊन जा. सोलापूरकडच्या माळांवर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं लावून काय झालं, तेही बघून या. त्याच्या दाटीखाली गवत तगत नाही.

मग श्रमदान कशात करायचं? आधी सातबारा काढा. जमीन गायरान असेल तर ग्रामपंचायतीला आणि वनखात्याची असेल तर वनरक्षकाला विचारल्याशिवाय काही करू नका. परवानगी मिळाली की पावसाळ्यात, जमीन मऊ असताना, वेड्या बाभळीची रोपटी मुळासकट उपटा. नुसती तोडलीत तर बुंध्यातून दुप्पट फुटतात. मेंढपाळांना बरोबर घेऊन माळाचा एखादा तुकडा आळीपाळीनं चराईतून मोकळा ठेवा. त्यांना वगळून चराईबंदी केलीत तर ती चार दिवसही टिकणार नाही. पवन्या, मारवेल या गवतांचं बी झडल्यावरच कापणी करा आणि थोडं बी उघड्या पडलेल्या जागी टाका. गवत वाळलं की वणव्याची भीती. त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत हटवून मोकळा केलेला पट्टा, काढून घ्या, तीही वनखात्याच्या देखरेखीखाली.

पाणवठा जरूर करा, पण चारी बाजूंनी उभ्या भिंतींची टाकी नको. खोकडाचं पिल्लू, साळिंदर किंवा घोरपड आत पडली तर वर येता येत नाही. एका बाजूला खडबडीत उतार ठेवा, पाणी उथळ असू द्या, आणि जागा वस्तीपासून लांब निवडा, नाहीतर तिथं आधी कुत्री पोचतील. कुत्र्यांवरून आठवलं : पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या कोणी माळावर टाकत असेल तर ते आधी थांबवा. त्या वासानं कुत्र्यांच्या टोळ्या जमतात आणि मग चिंकाऱ्याची पाडसं फाडतात. पाणवठ्यापेक्षा हे काम अवघड आहे, कारण त्यासाठी गावातल्याच कुणाशी तरी वाईटपणा घ्यावा लागतो.

रोपं आणली असतील तर वाया घालवू नका. करंज आणि जांभूळ ओढ्याकाठी लावा, कडुनिंब शाळेभोवती. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, त्यांची नावं आताच लिहून घ्या.