वाचकांचे प्रश्न : हायब्रिड गाडी परवडते कुणाला?

प्रश्न : माझा प्रवास बहुतेक शहरातलाच, वर्षाला 12,000 किलोमीटरच्या आसपास. हायब्रिडसाठी मोजलेले जादा पैसे किती वर्षांत वसूल होतील?

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवर चालणारी मोटर असलेली गाडी. हिशेब आधी लिटरमध्ये मांडा. पेट्रोल गाडीचं शहरातलं ॲव्हरेज 15 आणि तेवढ्याच आकाराच्या हायब्रिडचं 24 धरलं, तर वर्षाला पहिलीला 800 लिटर लागतात, दुसरीला 500. म्हणजे बचत 300 लिटरची. आता दोन्ही गाड्यांच्या किमतीतल्या फरकाला पेट्रोलच्या आजच्या भावाने भागा. उत्तर समजा 2,400 लिटर आलं, तर वसुलीला 8 वर्षं. हेच रनिंग 5,000 किलोमीटर असतं तर वर्षाला जेमतेम 125 लिटर वाचले असते आणि वसुलीला 19 वर्षं लागली असती. इतक्या कमी रनिंगला केवळ बचतीसाठी हायब्रिड घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

माहितीपत्रकातलं ॲव्हरेज मात्र या हिशेबात घेऊ नका. तीच गाडी तुमच्यासारख्याच रस्त्यांवर चालवणाऱ्याला विचारा, आणि तोही टाकी फुल करून मोजणारा असावा. हायवेवर तर गणितच बदलतं. ब्रेक लावताना मोटर जनरेटरचं काम करते आणि एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. एकसारख्या वेगात ब्रेकच लागला नाही तर परत काय येणार? तिथे 18 विरुद्ध 22 असा फरक धरला, तर त्याच 12,000 किलोमीटरला 120 लिटरच वाचतात.

प्रश्न : बॅटरी बनवतानाच इतकं प्रदूषण होतं की पर्यावरणाचा फायदा शून्य, असं ऐकलं. खरं आहे का?

नाही. फुल हायब्रिडची, म्हणजे थोडं अंतर नुसत्या मोटरवरही जाऊ शकणाऱ्या गाडीची, बॅटरी साधारण 1 ते 2 किलोवॉट-तासांची असते, पूर्ण इलेक्ट्रिक गाडीची अनेकदा 40 च्या पुढे. त्यामुळे ती बनवण्याचा भार तुलनेने लहान असतो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून 300 लिटर वाचले की वर्षाला जवळपास 690 किलो टळतो.

खरा प्रश्न आहे तो जुन्या गाडीचा. कुठलीही नवी गाडी बनवताना काही टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तुमची गाडी धडधाकट असेल, 20 चं ॲव्हरेज देत असेल आणि रनिंग कमी असेल, तर ती वापरत राहणंच पर्यावरणाच्या भल्याचं. 12,000 किलोमीटरला 10 वरून 15 वर गेलात तर 400 लिटर वाचतात, 20 वरून 30 वर गेलात तर फक्त 200. म्हणून ज्यांची गाडी पेट्रोल फार खाते आणि रोज भरपूर धावते, त्यांनी आधी बदलावी.

प्लग-इन हायब्रिड, म्हणजे बाहेरून वीज लावून चार्ज करता येणारी हायब्रिड, घेणाऱ्यांना कळकळीने सांगतो, रोज चार्ज करणार असाल तरच घ्या. युरोपीय आयोगाने 2024 मध्ये प्रत्यक्ष वापराची आकडेवारी प्रसिद्ध केली, तेव्हा या गाड्यांचं उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या सुमारे साडेतीनपट निघालं. चार्जिंग न करता फिरणं म्हणजे जड बॅटरी पेट्रोलवर वाहून नेणं.

प्रश्न : ‘माइल्ड हायब्रिड’ही तेवढीच वाचवते का?

नाही. तिची छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते. बहुतेक गाड्यांत एकटी ती चाकं फिरवू शकत नाही. बचत थोडीच होते. किमतीतला फरकही थोडाच असेल तर घ्यायला हरकत नाही.

प्रश्न : माझ्या पाच वर्षं जुन्या हायब्रिडचं ॲव्हरेज घसरलंय आणि मागच्या सीटजवळून पंख्याचा आवाज येतो. बॅटरी गेली का?

लगेच तसं समजू नका. अनेक गाड्यांत बॅटरी हवेने थंड होते आणि ती हवा मागच्या सीटच्या बाजूच्या किंवा खालच्या जाळीतून आत जाते. तिथे धूळ, कपड्यांचे तंतू, पाळीव प्राण्यांचे केस अडकतात किंवा नेमकी तिथेच पिशवी टेकवलेली असते. हवा कमी पडली की पंखा जोरात फिरतो, तरीही बॅटरी तापते, मग गाडीची यंत्रणा तिचा वापर आवरते आणि इंजिन जास्त वेळ चालतं. ॲव्हरेज घसरतं ते यामुळे.

गाडी बंद करा, जाळीची क्लिप सोडवा, फिल्टर काढून कोरड्या मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने साफ करा. हवेचा झोत आतल्या दिशेने मारू नका, कचरा पंख्यात जातो. केशरी रंगाच्या वायरींना हात लावायचा नाही, त्या उच्च दाबाच्या असतात.

एवढं करूनही डॅशबोर्डवरची चार्जची पातळी झरझर भरत आणि उतरत असेल, तर स्कॅनर लावून बॅटरीच्या प्रत्येक ब्लॉकचा (एकत्र जोडलेल्या सेलच्या गटाचा) व्होल्टेज चालत्या गाडीत तपासून घ्या. एखादाच ब्लॉक इतरांपेक्षा खूप खाली दिसला तर तेवढाच बदलण्याचा स्वस्त उपाय सुचवला जाईल. तो सहसा टिकत नाही, कारण नव्या ब्लॉकचं उरलेल्या थकलेल्यांशी जुळत नाही आणि काही महिन्यांत दुसरा ब्लॉक दगा देतो. त्याआधी वॉरंटीचं पुस्तक काढा. बऱ्याच कंपन्या हायब्रिड बॅटरीला 8 वर्षांची हमी देतात.