अठ्ठावीस हजारांचा हत्ती

प्रश्न : ‘अ‍ॅडव्हान्स वॉर्स : ड्युअल स्ट्राइक’ हा आळीपाळीने चाली करायचा जुना युद्धाचा गेम मी आणि माझा रूममेट एकाच डीएसवर (निन्टेन्डोचं हातात धरायचं गेमयंत्र) खेळतो. मी पैसे साठवून मेगा टँक घेतो. त्याच्या ताकदीचे आकडे सगळ्यांत मोठे आहेत, तरी दर वेळी मीच हरतो. रूममेट म्हणतो, हा टँक म्हणजे नुसता दिखावा. खरंच तो इतका वाईट आहे का, की मला वापरता येत नाही? – एक वाचक, एरंडोल

उत्तर : तुमच्या रूममेटला माझा नमस्कार सांगा. टँक वाईट नाही भाऊ, महाग आहे. या दोन गोष्टींतला फरक मला कळायला अमळनेर ते नंदुरबार एवढा प्रवास लागला.

मी जिनिंगमध्ये हिशोब लिहितो. काट्यावर कापसाची गाडी चढली की भरलेली किती, रिकामी किती, वजावट किती, हेच दिवसभर. म्हणून तुमचं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा ताकदीचा तक्ता नाही उघडला, वही उघडली. तुम्हीही उघडा.

समजा दोघांकडे आठ-आठ जागा (शहरं, कारखाने वगैरे) आहेत. प्रत्येक जागेचे दिवसाला 1,000, म्हणजे रोजचे 8,000. तुम्ही रोज एक शिपाई घेता (1,000) आणि उरलेले 7,000 बाजूला टाकता. चौथ्या दिवशी बरोबर 28,000 जमतात आणि मेगा टँक कारखान्यातून बाहेर पडतो. रूममेटही रोज एक शिपाई घेतो, पण त्याच्या उरलेल्या 7,000 चा त्याच दिवशी साधा टँक होतो. कारखाने दोन असले की झालं. चौथ्या दिवशी दोघांचाही खर्च 32,000. तुमच्याकडे एक मेगा, त्याच्याकडे चार टँक. इथवर हिशोब बरोबरीचा वाटतो.

आता चाल बघा. नवीन तयार झालेलं युनिट त्या दिवशी हलत नाही. तुमचा मेगा पाचव्या दिवशी चार घरं सरकतो. रूममेटचा पहिला टँक दुसऱ्या दिवसापासून रोज सहा घरं चालतोय. मैदान मोकळं असेल तर पाचव्या दिवसापर्यंत तो 24 घरं पुढे गेलेला असतो. तुमच्या अंगणात म्हणा ना! ताकदीच्या तक्त्यात हा उशीर कुठेच लिहिलेला नसतो.

बरं, ती ताकद तरी किती कामाची? हल्ला करण्याआधी पडद्यावर टक्का दिसतो, तो नीट वाचा. रस्त्यावर उभ्या ठणठणीत साध्या टँकवर मीडियम टँक साधारण 85 टक्के मार देतो, निओ टँक 105 आणि मेगा 180. पण समोरच्याचा जीव शंभर टक्क्यांचाच! वरचे 80 टक्के मातीत गेले. 22,000 च्या निओनेही तो टँक एका फटक्यात उडालाच असता, शिवाय निओ सहा घरं पळतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

आणि गोळे किती? तीन. साध्या टँकला नऊ आणि या धुडाला तीन. मी हे वाचलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. मग तो प्रवास झाला.

भाच्याला घेऊन नंदुरबारला एका साखरपुड्याला निघालो होतो. पॅसेंजर गाडी, खिडकीची जागा, मांडीवर त्याचा डीएस. एक चाल मी खेळायची, मग यंत्र त्याच्या हातात. नरडाण्यापर्यंत मी पैसे साठवत होतो आणि तो गालातल्या गालात हसत होता. शिंदखेड्याच्या अलीकडे माझा मेगा त्याच्या पुलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. मी पाठ टेकवली, बहिणीने दिलेला कळण्याच्या भाकरीचा डबा उघडला आणि यंत्र त्याच्याकडे दिलं. त्याने काय करावं? तीन रेकॉन, म्हणजे टेहळणीच्या गाड्या, 4,000 ची एक, एकामागून एक माझ्या मेगावर घातल्या. तिन्हींनी मिळून मेगाला धड ओरखडाही काढला नाही. मेगाने उलट फटक्यात तिन्ही उडवल्या. मी मोठ्याने हसलो, शेजारची म्हातारी दचकली.

माझी पाळी आली. त्याच्या टँकवर मेगा नेला, टक्का पाहिला आणि घास तोंडातच राहिला. उलट मार देतानाही गोळा खर्च होतो! तीन गाड्या, तीन गोळे, तोफ रिकामी. उरली नुसती मशीनगन, आणि ती टँकवर म्हणजे पत्र्यावर पडलेली बोरं. भाच्याने माझ्याकडे न बघता म्हटलं, “मामा, तुमना हत्ती उपाशी शे.” त्याचे 12,000 गेले, माझे 28,000 पुलावर फुकट उभे. दोंडाईचा येईपर्यंत त्याचे टँक दुसऱ्या वाटेने वळसा घालून गेले, मागून त्याचा एक शिपाई माझ्या शहरात शिरला आणि दोन दिवसांत ते ताब्यात घेतलं. दहाच्या दहा जीव (म्हणजे शंभर टक्के) असलेल्या शिपायाला शहर घ्यायला दोनच दिवस लागतात. माझा मेगा परत फिरला तेव्हा शहर त्याचं झालं होतं. नंदुरबारला उतरलो तर मिरचीच्या पथाऱ्यांचा ठसका नाकात गेला. डोळ्यांतलं पाणी त्याचंच, असं मी भाच्याला सांगितलं.

दुरुस्तीचं तर विचारूच नका. स्वतःच्या शहरात उभं राहिलं की रोज दोन जीव भरून येतात, पण एका जिवाला किमतीचा दहावा हिस्सा. मेगाचे रोजचे 5,600. नवीन टँक 7,000 ला येतो!

मग तो घ्यायचाच नाही का? घ्या, पण पैसा उतू जात असेल तेव्हा. नकाशा मोठा, रोजची आवक 30,000 च्या घरात आणि कारखाने दोनच असले की हिशोब फिरतो. एक कारखाना दिवसाला एकच युनिट देतो, त्यामुळे तिथे पैशाची नाही, कारखान्याच्या रांगेची टंचाई असते. अशा वेळी रांगेतली जागा साध्या टँकला देण्यात अर्थ नसतो. त्यातही मेगाला अरुंद जागी उभा करा. दोन्हीकडे डोंगर, कारण टँकांना डोंगर चढता येत नाही. मागे लागूनच रसद गाडी ठेवा. ती 5,000 ला मिळते आणि तिच्या शेजारच्या युनिटचे गोळे तुमची पाळी सुरू होताच भरून निघतात. आणि आकाशावर डोळा ठेवा. 22,000 चं बॉम्बर त्याच्यावर 35 टक्केच मार देतं हे खरं, पण मेगा बॉम्बरला काहीच करू शकत नाही. सावकाश झिजवतं ते.

समोरच्याने मेगा आणला आणि तुमच्याकडे साधे टँक असतील, तर त्याच्या अंगावर मुळीच जाऊ नका. साध्या टँकचा त्याला जेमतेम दहा टक्के मार बसतो. मारायचा नाहीच तो, सोडून पुढे जायचं.

(जर्मनीने दुसऱ्या महायुद्धात 188 टनांचा एक रणगाडा बनवला होता. नाव ठेवलं ‘माउस’, म्हणजे उंदीर. दोनच नमुने तयार झाले. नाव ठेवणाऱ्याला विनोदाची जाण असावी.)

तुमच्या आठ जागांच्या नकाशावर पुढचा डाव बिनमेगाचा खेळा आणि निकाल कळवा. रूममेटलाही या डावात मेगा घ्यायला लावता आला तर बघा. एखादी पैज लावा, शेवभाजीची.

प्रश्न : 2023 मध्ये निन्टेन्डो स्विचवर आलेल्या, याच मालिकेतल्या ‘री-बूट कॅम्प’मध्ये मेगा टँक सापडत नाही. काही अनलॉक करावं लागतं का? – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : नाही. त्यात पहिले दोनच गेम नव्याने केलेत आणि मेगा टँक तिसऱ्या, म्हणजे 2005 च्या गेममधला. तुम्हाला दुसऱ्या भागात निओ टँकवरच भागवावं लागेल. एरंडोलच्या भाऊंना हे सांगू नका, ते लगेच स्विच घ्यायला निघतील.